क्यूएमू यूजर मोड: परक्या प्रोसेसरवरचे क्रिप्टो बग पकडायला कितपत कामाचं?

एक्स८६वर सगळ्या टेस्ट हिरव्या. पॅच मर्ज होतो आणि मग लिनक्स वितरणांच्या बिल्ड-यंत्रणेकडून एकेक निरोप यायला लागतो: एस३९०एक्सवर (आयबीएमच्या मेनफ्रेमचा प्रोसेसर) हॅश (डेटाचा ठरावीक लांबीचा ठसा) चुकतोय, ३२-बिट एआरएमवर ‘बस एरर’, छोट्या बोर्डावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. क्रिप्टोचा मुक्तस्रोत कोड सांभाळणाऱ्यांना हे नवं नाही. प्रत्येक प्रोसेसरचं यंत्र टेबलावर ठेवणं कुणालाच परवडत नाही, म्हणून बहुतेकांची पहिली धाव क्यूएमूकडे असते. फाब्रिस बेलारने २००३ साली सुरू केलेला हा एम्युलेटर फुकट आहे, मुक्त आहे आणि जवळजवळ प्रत्येक वितरणात मिळतो. इथे त्याच्या फक्त यूजर मोडबद्दल बोलू. या मोडमध्ये पूर्ण यंत्र उभं राहत नाही. परक्या प्रोसेसरची एकच बायनरी घेतली जाते, तिच्या सूचना चालता चालता आपल्या प्रोसेसरच्या सूचनांत बदलल्या जातात आणि सिस्टम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे मागितलेली कामं) बाइट-क्रम (संख्येचे बाइट मेमरीत कुठल्या क्रमाने ठेवतात तो) वगैरे जुळवून आपल्याच कर्नलकडे जातात.

निकाल आधीच सांगतो. बाइट-क्रम, शब्दाची रुंदी, कॅरी (बेरजेतला हातचा) आणि सूचनांचा अर्थ यांत क्यूएमूवर टेस्ट पडली तर चूक जवळजवळ नेहमी आपल्याच कोडची असते. उलट बाजू इतकी भरवशाची नाही. अलाइनमेंट (पत्ता डेटाच्या आकाराच्या पटीत असणं), अनेक थ्रेडमधला मेमरी-क्रम (एकाने लिहिलेलं दुसऱ्याला कुठल्या क्रमाने दिसतं) आणि वेळ या बाबतींत क्यूएमूने दिलेला ‘पास’ कागदावरच ठेवावा.

बसवताना

डेबियन घराण्यात ‘क्यूएमू-यूजर’ हे पॅकेज आणि हव्या त्या प्रोसेसरचा क्रॉस-कंपायलर (एका प्रोसेसरवर बसून दुसऱ्यासाठी बायनरी बनवणारा), उदाहरणार्थ ‘जीसीसी-एस३९०एक्स-लिनक्स-जीएनयू’, एवढं पुरतं. त्या प्रोसेसरची लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) सोबत येते. पहिली बायनरी चालवताच बहुतेकांना ‘/लिब/एलडी६४.एसओ.१ उघडता येत नाही’ अशा अर्थाची तक्रार दिसते. इथे बिघडलेलं काहीच नसतं, डायनॅमिक लोडर कुठे शोधायचा हे क्यूएमूला कुणी सांगितलेलं नसतं. कॅपिटल ‘एल’ पर्यायाने ‘/यूएसआर/एस३९०एक्स-लिनक्स-जीएनयू’ हा पत्ता द्या, किंवा ‘क्यूएमू एलडी प्रीफिक्स’ या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये तो एकदाच लिहून ठेवा. टेस्टच्या स्क्रिप्ट आतून आणखी बायनरी चालवत असतील तर दुसरा मार्ग बरा. स्टॅटिक लिंक केलं की ही कटकटच उरत नाही, पण मग ओपनएसएसएलचे प्रोव्हायडर किंवा इतर प्लगइन चालताना लोड होणार नाहीत आणि त्यांच्या टेस्ट वेगळ्याच कारणाने पडतील.

दुसरी सोय बिनएफएमटी-मिस्कची, म्हणजे कुठली बायनरी कुठल्या इंटरप्रिटरने चालवायची याच्या कर्नलमधल्या नोंदणीची. कर्नलला एकदा सांगून ठेवलं की परकी बायनरी नेहमीच्या बायनरीसारखीच थेट चालते आणि ‘मेक चेक’ला कळतही नाही. कंटेनरमध्ये किंवा क्रूटमध्ये (फाइल-प्रणालीचं मूळ बदललेल्या वातावरणात) चालवायचं असेल तर नोंदणीत ‘एफ’ हा फ्लॅग हवा. तो नसेल तर कर्नल इंटरप्रिटर कंटेनरच्या आत शोधतो आणि ‘फाइल सापडली नाही’ म्हणतो, आणि माणूस तासभर भलतीच फाइल शोधत बसतो. या सोयीची एक उलटी बाजूही आहे: सगळं इतकं बिनबोभाट चालतं की आपण नक्की कुठल्या प्रोसेसरची बायनरी तपासली याचाच विसर पडतो. बिल्ड झाल्यावर ‘फाइल’ कमांड चालवून ‘एमएसबी’ आणि ‘आयबीएम एस/३९०’ हे शब्द डोळ्यांनी पाहा. क्रॉस-प्रीफिक्स द्यायचा राहून गेल्यामुळे एक्स८६चीच बायनरी दोनदा तपासली गेली, असं सर्रास होतं.

बिग-एंडियन: इथे पैसे वसूल

फुकटच्या वस्तूला ‘पैसे वसूल’ म्हणणं विनोदी आहे, पण एस३९०एक्सचं टार्गेट एवढ्या एकाच कामासाठी बसवलं तरी चालेल. आज सहज मिळणारा आणि मोठी वितरणं अजूनही सांभाळत असलेला ६४-बिट बिग-एंडियन (मोठ्या वजनाचा बाइट आधी ठेवणारा) प्रोसेसर तोच.

एक उदाहरण जवळून पाहू. ‘एबीसी’ या तीन अक्षरांचा एसएचए-२५६ हॅश ‘बीए ७८ १६ बीएफ’ असा सुरू होतो. शेवटच्या पायरीत ३२-बिटांचे आठ शब्द बाइटमध्ये उतरवायचे असतात. ज्याने हे काम ‘आधी बाइट उलटव, मग मेमकॉपी कर’ असं लिहिलं, त्याचं एक्स८६वर बरोबर येतं. एस३९०एक्सवर शब्द मुळातच हव्या त्या क्रमात असतात, उलटवल्यावर ‘बीएफ १६ ७८ बीए’ बाहेर पडतं. हा बग सज्जन म्हणायचा, कारण पहिल्याच टेस्टला तोंड दाखवतो.

चाचा२० या सायफरमधला तसा नाही. चाचा२० लिटल-एंडियन, म्हणजे लहान वजनाचा बाइट आधी. की नुसत्या मेमकॉपीने शब्दांत भरली आणि कीस्ट्रीमही (मजकुरात मिसळायचे बाइट) मेमकॉपीनेच बाहेर काढली, तर बिग-एंडियनवर कीस्ट्रीम चुकीची तयार होते. पण एन्क्रिप्ट करतानाही तीच आणि डिक्रिप्ट करतानाही तीच! दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि ‘एन्क्रिप्ट करून डिक्रिप्ट केलं, मजकूर परत मिळाला’ ही टेस्ट आनंदाने पास होते. दुसऱ्या प्रोसेसरशी बोलायची वेळ येते तेव्हाच भांडं फुटतं. म्हणून क्यूएमूवर फक्त ठराविक उत्तरांच्या टेस्टना किंमत द्या. आरएफसी ८४३९मधल्या ब्लॉक-टेस्टमध्ये की ०० पासून १एफ पर्यंत, काउंटर १, आणि उत्तर ‘१० एफ१ ई७ ई४’ने सुरू होतं. हे चार बाइट जुळले की बाइट-क्रमाचा निम्मा प्रश्न सुटला. त्यापुढे वायचेप्रूफ या टेस्ट-संचाचे वेक्टर, म्हणजे इनपुट आणि उत्तरांच्या जोड्या, घ्या. त्यांत नेमक्या अडचणीच्या किमती मुद्दाम भरलेल्या आहेत.

दुरुस्ती कशी करायची यावर दोन तट आहेत. एक तट ‘इफडेफ बिग-एंडियन’ लावून दोन वाटा करतो. हे टाळावं असं आमचं ठाम मत. कारण प्रीप्रोसेसरमध्ये व्याख्या नसलेला मॅक्रो शून्य धरला जातो. ‘बाइट-ऑर्डर बरोबर बिग-एंडियन’ अशी अट लिहिली आणि हेडर जोडायचं राहिलं, की शून्य बरोबर शून्य, म्हणजे खरं! एक्स८६ तिथल्या तिथे बिग-एंडियन ठरतो. आणि नुसतं ‘इफडेफ’ केलं तर जीलिबसीत बिग-एंडियन हा मॅक्रो लिटल-एंडियन यंत्रावरही असतोच, तो फक्त ४३२१ हा आकडा आहे. अट लावायचीच असेल तर जीसीसी आणि क्लँग स्वतः पुरवतात ते मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर असलेले मॅक्रो वापरा, आणि ‘डब्ल्यू-अनडेफ’ ही वॉर्निंग चालू ठेवा.

दुसरा आणि चांगला मार्ग म्हणजे चार बाइट सुटे वाचून शिफ्टने जोडणे. त्यात बाइट-क्रमाचा प्रश्नच येत नाही, अलाइनमेंटचाही नाही, आणि आजचे कंपायलर तो नमुना ओळखून एकाच लोड-सूचनेत बसवतात. फक्त जोडताना प्रत्येक बाइट आधी बिनचिन्ह ३२-बिटात बदला. ‘पी चौकटीत ३, डावीकडे २४’ असं नुसतं लिहिलं तर बाइट आधी चिन्हांकित ‘इंट’ होतो. त्या बाइटची किंमत १२८ किंवा जास्त असेल तर चिन्हाचा बिट लागतो, आणि हा आकडा पुढे ६४-बिट व्हेरिएबलमध्ये ‘ऑर’ केला की वरचे ३२ बिट सगळे १ होतात. ‘यूबीसॅन’ (अव्याख्यात वर्तन पकडणारा कंपायलर-पर्याय) हे शिफ्टचं दुखणं एक्स८६वरच दाखवतो, क्यूएमूपर्यंत जायची गरज नाही.

चिन्ह, शिफ्ट आणि ३२ बिट

साधा ‘कॅर’ एक्स८६वर चिन्हांकित असतो. लिनक्सवर एआरएम, पॉवर, एस३९०एक्स आणि रिस्क-फाइव्ह यांवर बिनचिन्ह. बेस६४ उलगडताना ‘कॅर’च्या तक्त्यात उणे १ भरून ‘शून्यापेक्षा लहान आहे का’ असं विचारणारा कोड एआरएमवर कुठलंही चुकीचं अक्षर नाकारत नाही. हा प्रकार किती महागात पडतो याचं जुनं उदाहरण म्हणजे पासवर्ड हॅश करणाऱ्या क्रिप्ट-ब्लोफिशमधला सीव्हीई-२०११-२४८३ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-दोषाचा जाहीर क्रमांक). ‘कॅर’चं चिन्ह पसरल्यामुळे आठवा बिट असलेल्या अक्षरांचे पासवर्ड चुकीचे हॅश होत होते, आणि जुने-नवे हॅश वेगळे ओळखता यावेत म्हणून ‘२एक्स’ आणि ‘२वाय’ असे दोन नवे प्रीफिक्स काढावे लागले. याची तपासणी क्यूएमूशिवायही होते: तोच कोड ‘एफ-अनसाइन्ड-कॅर’ आणि ‘एफ-साइन्ड-कॅर’ असा दोनदा कंपाइल करा, दोन्ही वेळा टेस्ट चालवा.

शिफ्टमध्ये मात्र क्यूएमूचा उपयोग होतो. ‘खालचे एन बिट ठेव’ असा मास्क बनवताना एक डावीकडे एन घर सरकवून त्यातून एक वजा करतात. एन ३२ झाला की सी भाषेच्या हिशेबाने हे अव्याख्यात, म्हणजे काय व्हावं याचा नियमच नाही. प्रत्यक्षात एक्स८६ आणि ६४-बिट एआरएम शिफ्टचे खालचे पाचच बिट पाहतात, म्हणजे शून्य घर सरकतं आणि मास्क शून्य येतो. ३२-बिट एआरएम आणि पॉवरवर शिफ्टचं उत्तर शून्य येतं, त्यामुळे मास्क सगळे १. मोठ्या संख्यांच्या कोडमध्ये शेवटच्या शब्दाला हा मास्क लागतो आणि उत्तर फक्त ठराविक लांबीच्या कीसाठी चुकतं. क्यूएमू हा फरक प्रामाणिकपणे दाखवतं, पण किंमत कंपाइल करतानाच ठरलेली नसेल तर. कंपायलरने आकडा आधीच घडी घालून ठेवला असेल तर प्रोसेसरला विचारणार कोण?

३२-बिट तपासणीत बघायची जागा म्हणजे लांबीचा आकडा. हॅशमध्ये बाइटची लांबी आठने गुणून बिटांत लिहितात. हा गुणाकार ‘साइझ-टी’त केला की ५१२ एमबीला तो ३२-बिटात उलटतो. टेस्टमध्ये ५१३ एमबीचा संदेश एकाच झटक्यात देणं क्यूएमूवर फार वेळ खातं. त्यापेक्षा आतल्या काउंटरची सुरुवातीची किंमत वाढवून ठेवायची वाट टेस्टसाठी मोकळी ठेवा.

‘सीपीयू’ पर्याय: सगळ्यात उपयोगी, सगळ्यात फसवा

क्रिप्टो लायब्ररीत एकाच कामाच्या चार-पाच वाटा असतात, आणि कुठली घ्यायची ते चालू होताना प्रोसेसरला विचारून ठरतं. क्यूएमूला ‘सीपीयू’ पर्यायाने मॉडेल देता येतं आणि एक्स८६ मॉडेलमधून एकेक वैशिष्ट्य वजा करता येतं. ‘मॅक्स, उणे एईएस’ असं दिलं की एईएस-एनआय (एईएस सायफरच्या खास सूचना) नसलेलं यंत्र हजर. जुन्या यंत्रांसाठी ठेवलेला पण कुणीच न चालवलेला सी कोड यातूनच पहिल्यांदा उघडा पडतो.

रिस्क-फाइव्हसाठी तर हे खरंच अमूल्य आहे. तिथे व्हेक्टर रजिस्टरची (एकदम अनेक आकडे धरणाऱ्या रजिस्टरची) लांबी ठरलेली नसते, ती प्रोसेसर बनवणारा ठरवतो. ‘आरव्ही६४, व्ही चालू, व्हीलेन २५६’ असा पर्याय द्या, मग तीच टेस्ट १२८, ५१२ आणि १०२४वर चालवा. एक रजिस्टर म्हणजे सोळा बाइट असं मनात धरून लिहिलेला घॅशचा (एईएस-जीसीएममधला पडताळणी-हॅश) कोड २५६वर हमखास कोसळतो. हातात एकच बोर्ड असलेल्याला ही तपासणी प्रत्यक्ष हार्डवेअरवर शक्यच नाही.

आता फसवी बाजू. रास्पबेरी पाय ४मध्ये कॉर्टेक्स-ए७२ आहे, पण त्या चिपमध्ये एआरएमचे क्रिप्टो विस्तार नाहीत. क्यूएमूच्या कॉर्टेक्स-ए७२ मॉडेलमध्ये मात्र ते आहेत. म्हणजे ‘आर्मव्ही८-ए अधिक क्रिप्टो’ देऊन कंपाइल केलेली लायब्ररी क्यूएमूच्या ए७२वर सुरळीत चालते आणि पाय ४वर पहिल्याच एईएस सूचनेला ‘सिगइल’ (इल्लीगल इन्स्ट्रक्शनचा सिग्नल) खाते. क्यूएमूचं मॉडेल गाभ्याचं आहे, बाजारातल्या बोर्डाचं नाही, एवढं कायम लक्षात ठेवा. ओपनएसएसएल तपासत असाल तर ‘ओपनएसएसएल आर्मकॅप’ हे व्हेरिएबल १ ठेवा, म्हणजे फक्त निऑन (एआरएमच्या व्हेक्टर सूचना) उरेल. शून्य ठेवलं की सगळं साध्या कोडवर येतं. एक्स८६साठी ‘आयए३२कॅप’, पॉवरसाठी ‘पीपीसीकॅप’ आणि एस३९०एक्ससाठी त्याच नावाचं व्हेरिएबल आहे.

वैशिष्ट्य ओळखणाऱ्या कोडमध्येही एक ठरलेला खड्डा आहे. लिनक्सवर ‘गेटऑक्सव्हॅल’ने विचारताना ६४-बिट एआरएमवर एईएसचा बिट ‘एचडब्ल्यूकॅप’मध्ये (कर्नल देतो त्या वैशिष्ट्यांच्या यादीत) तिसऱ्या स्थानी असतो, शून्यापासून मोजून. ३२-बिटवर तो ‘एचडब्ल्यूकॅप२’मध्ये शून्याव्या स्थानी. ६४-बिटचा कोड उचलून ३२-बिटला चिकटवला की भलत्याच वैशिष्ट्याच्या बिटावरून एईएसच्या वाटेचा निर्णय होतो. एक्स८६वर याच जातीची चूक म्हणजे सीपीयूआयडी सूचनेतला एव्हीएक्सचा (एक्स८६च्या व्हेक्टर सूचनांचा) बिट पाहणं आणि ऑपरेटिंग सिस्टम ती रजिस्टरं जपते का हे न विचारणं. ओएसएक्ससेव्हचा बिट पाहून मग ‘एक्सगेटबीव्ही’ने खात्री करायची असते.

मर्यादाही सांगायला हव्यात. एक्स८६ गेस्टला एव्हीएक्स आणि एव्हीएक्स२ हे ७.२ आवृत्तीपासून मिळाले. क्यूएमूच्या भाषांतर-यंत्रात एव्हीएक्स-५१२ नाही. त्यामुळे सीव्हीई-२०२२-२२७४ सारखा बग, ज्यात ओपनएसएसएल ३.०.४ने एव्हीएक्स-५१२च्या आयएफएमए सूचना असलेल्या यंत्रांवर २०४८-बिट आरएसएच्या वेळी मेमरी बिघडवली, इथे दिसणारच नाही. त्यासाठी इंटेलचा एसडीई हा एम्युलेटर वापरा. तो फुकट आहे, मुक्त नाही. एस३९०एक्सच्या क्रिप्टो सूचनांचंही थोडं तसंच. लायब्ररी आधी ‘ही सूचना आहे का’ असं विचारते, उत्तर ‘नाही’ आलं की मुकाट्याने सी कोडकडे वळते, टेस्ट पास होते आणि तुमचा असेम्ब्ली कोड तसाच न तपासलेला राहतो.

यावर एकच उपाय: चाललं काय ते डोळ्यांनी बघा. ‘डी’ पर्यायाला ‘इन-एएसएम’ द्या, कॅपिटल ‘डी’ने लॉग फाइलमध्ये घ्या आणि त्यात ‘व्हीसायफर’ किंवा ‘एईएसई’ (पॉवर आणि एआरएमच्या एईएस सूचना) शोधा. एकही ओळ नाही? मग ती हिरवी खूण कशाची होती हे वेगळं सांगायला नको.

खोटे पास

पहिला नंबर अलाइनमेंटचा. बाइट-पॉइंटरला ३२-बिट पॉइंटरमध्ये कास्ट करून वाचणं स्पार्क प्रोसेसरवर ‘सिगबस’ (बस एररचा सिग्नल) देतं. ३२-बिट एआरएम जास्त फसवा आहे. तिथे साधा एलडीआर (एक शब्द वाचणारी सूचना) वेडावाकडा पत्ता चालवून घेतो, पण कंपायलरने शेजारचे दोन लोड मिळून एलडीएम किंवा एलडीआरडी (एकदम अनेक शब्द वाचणाऱ्या सूचना) केले की तो माफ करत नाही. त्यामुळे ‘ओ१’ ऑप्टिमायझेशनवर चालणारा कोड ‘ओ२’वर मरतो आणि खापर कंपायलरवर फुटतं. क्यूएमूच्या जुन्या आवृत्त्या एक्स८६ यंत्रावर असे पत्ते गुपचूप वाचून द्यायच्या. नव्या आवृत्त्या काही टार्गेटना खरा सिगबस देतात, पण सगळ्यांच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. ही तपासणी यूबीसॅनच्या ‘अलाइनमेंट’ पर्यायाने आपल्याच यंत्रावर करा, आणि टेस्टचा बफर मुद्दाम १ ते १५ बाइट सरकवून द्या. मॅलॉकने दिलेला पत्ता नेहमीच नीट असतो, त्यावर हा बग कधी सापडत नाही. प्रत्यक्ष ३२-बिट एआरएम हाती असेल तर ‘/प्रॉक/सीपीयू/अलाइनमेंट’मध्ये ५ लिहा. मग कर्नल चूक परस्पर सावरून न घेता सिग्नल देईल आणि लॉगमध्ये नोंदही करेल.

दुसरा प्रकार क्यूएमूचा दोष नव्हे, टेस्टचा. सीव्हीई-२०२३-६१२९ घ्या. पॉवरवरचा पॉली१३०५ या मॅकचा (संदेशात फेरफार झाला का ते ओळखायचा टॅग) असेम्ब्ली कोड व्हेक्टर रजिस्टर जपून ठेवायचा, पण परत भरताना क्रम वेगळा. मॅक अगदी बरोबर यायचा, बिघडायची ती बोलावणाऱ्याची रजिस्टरं. त्याच वर्षीचा सीव्हीई-२०२३-४८०७ विंडोजवरचा: ६४ बाइटपेक्षा मोठ्या डेटावर त्याच पॉली१३०५ची एव्हीएक्स-५१२ची वाट एक्सएमएम रजिस्टरं न जपता शून्य करून परतायची. कितीही वेक्टर चालवा, उत्तर बरोबरच येणार. असल्या बगसाठी छोटं असेम्ब्ली आवरण लागतं: जपायच्या रजिस्टरांत ओळखू येतील अशा किमती भरा, फंक्शन बोलवा, परत आल्यावर तुलना करा. पॉवरवर व्ही२० ते व्ही३१, ६४-बिट एआरएमवर व्ही८ ते व्ही१५चे खालचे ६४ बिट, ६४-बिट विंडोजवर एक्सएमएम६ ते एक्सएमएम१५. बोरिंगएसएसएलच्या टेस्टमध्ये अशी यंत्रणा तयार आहे, ती वाचून आपली लिहिता येते. असं आवरण असेल तर पॉवरचा बग क्यूएमूवर पहिल्याच फेरीत सापडण्यासारखा होता.

मेमरी-क्रमाचं थोडक्यात. एक्स८६वर एआरएमचा गेस्ट चालवला तरी खालचं यंत्र एक्स८६च, म्हणजे कडक शिस्तीचं. ‘वैशिष्ट्यं मोजून झाली’ हा फ्लॅग तक्त्याच्या आधी दुसऱ्या थ्रेडला दिसण्याची एआरएमवरची शक्यता इथे प्रत्यक्षात येत नाही. थ्रेडसॅनिटायझर (थ्रेडमधल्या शर्यती पकडणारा कंपायलर-पर्याय) वापरा, किंवा खरं एआरएम यंत्र गाठा.

आणि वेळ. क्यूएमूवर ‘कॉन्स्टंट-टाइम’ (लागणारा वेळ गुपितावर अवलंबून नसणं) मोजण्याला काडीचाही अर्थ नाही. कॉर्टेक्स-एम३वर ३२ गुणिले ३२ बिटांचा लांब गुणाकार किमतीनुसार ३ ते ५ सायकल घेतो, क्यूएमूला त्याचा गंधही नाही. २०२३च्या शेवटी उजेडात आलेल्या कायबरस्लॅशमध्ये (कायबर या क्रिप्टो पद्धतीच्या कोडमधला दोष) ३३२९ने केलेला भागाकार गुपित फोडत होता. कंपायलरने त्याचा गुणाकार केला तर ठीक, पण आकार वाचवायला ‘ओ-एस’ दिलं की खरी भागाकार-सूचना येऊ शकते आणि तिचा वेळ किमतीवर ठरतो. इथे क्रॉस-कंपायलर कामाला येतो, क्यूएमू नाही: प्रत्येक टार्गेटचं ‘ऑब्जडंप’ (बायनरीतल्या सूचनांची यादी) काढा, गुपितावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये भागाकार किंवा अटीची उडी आहे का ते शोधा. ३२-बिटवर ६४-बिटाच्या भागाकारासाठी लिबजीसीसीतल्या फंक्शनला हाक जाते, तीही बघा.

बग सापडल्यावर

डीबगिंगची सोय उत्तम आहे, इथे पूर्ण गुण. ‘जी’ पर्यायाला १२३४ सारखा पोर्ट द्या, बायनरी थांबून राहते. दुसऱ्या खिडकीत ‘जीडीबी-मल्टीआर्च’ उघडून त्या पोर्टला जोडा. दोन क्यूएमू शेजारी-शेजारी चालवायचे, एक एक्स८६चा आणि एक एस३९०एक्सचा, आणि एकाच फेरीच्या शेवटी दोन्हीकडची अवस्था छापायची. पहिला वेगळा शब्द जिथे दिसतो तिथेच चूक. या पद्धतीने बाइट-क्रमाचा बग पाव तासात हाती लागतो.

ॲड्रेससॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा कंपायलर-पर्याय) बहुतेक टार्गेटवर चालतो, पण त्याचा गळती शोधणारा भाग क्यूएमूखाली ‘पीट्रेस’ची तक्रार करून शेवटी सगळी टेस्ट पाडतो. ‘डिटेक्ट-लीक्स’ शून्य ठेवा. आणि हे नीट लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस तोच ‘बग’ पुन्हा शोधत बसेल.

वेग हा ठळक तोटा. भाषांतरामुळे दहापट मंदी गृहीत धरा, व्हेक्टर सूचनांत त्याहून जास्त. हॅश आणि सायफरच्या टेस्टला हे चालतं. आरएसए की तयार करणं, ‘एसक्रिप्ट’ किंवा ‘आर्गॉन२’ हे पासवर्ड-हॅश अशा मुद्दाम जड केलेल्या टेस्ट मात्र वेळमर्यादा ओलांडतात. मर्यादा वाढवा, पण क्यूएमूसाठी त्या टेस्ट सरसकट वगळू नका. कॅरीचे बग बहुधा मोठ्या संख्यांच्या कोडमध्येच दडलेले असतात. सीव्हीई-२०२१-४१६० हा एमआयपीएस प्रोसेसरवरच्या, संख्येचा वर्ग काढणाऱ्या असेम्ब्लीतला कॅरीचाच बग होता. प्रत्येक पॅचला छोटा संच आणि रात्री एकदा पूर्ण संच, अशी विभागणी व्यवहार्य आहे. ओपनएसएसएलच्या स्वतःच्या स्वयंचलित तपासणीतही क्रॉस-कंपाइल करून क्यूएमूवर टेस्ट चालतात.

खरं हार्डवेअर हवंच असेल तिथे सीफार्म, म्हणजे पूर्वीचं जीसीसी कंपाइल फार्म. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना अर्ज करून फुकट खातं मिळतं. पॉवर, एआरएम, रिस्क-फाइव्ह, स्पार्क अशी यंत्रं एसएसएचने वापरता येतात. अलाइनमेंट, मेमरी-क्रम आणि वेळ, क्यूएमू जिथे हात टेकतं ते सगळं इथे तपासता येतं. वेळ मोजताना मात्र यंत्रावर इतरही लोक काम करत असतात, आकडे हलणारच. सगळे कोअर अडवून बिल्ड लावू नका, आणि सही करायच्या की किंवा टोकन तिथे ठेवू नका. क्रिप्टोवाल्यांना हे सांगावं लागू नये, पण लागतं.

शेवटी, क्यूएमूतही बग असतात. क्वचित वापरल्या जाणाऱ्या व्हेक्टर सूचनेचा अर्थ चुकलेला असू शकतो, आणि मग चोर सोडून संन्याशाला फाशी. तीच बायनरी, नवी बांधलेली नव्हे तीच, खऱ्या यंत्रावर पास आणि क्यूएमूवर नापास असेल तरच शंका घ्या. मग ‘वन-इन्स्न-पर-टीबी’ पर्यायाने एकेक सूचना वेगळी चालवून बघा; जुन्या आवृत्त्यांत त्याचं नाव ‘सिंगलस्टेप’ होतं. निकाल बदलला तर संशय भाषांतरातल्या ऑप्टिमायझेशनवर. संशयित सूचना, आधीची रजिस्टरं आणि नंतरची रजिस्टरं एवढंच ठेवून दहा ओळींचा असेम्ब्ली प्रोग्राम बनवा. तक्रारीत क्यूएमूची आवृत्ती, ‘सीपीयू’ पर्याय आणि खालचं यंत्र एक्स८६ आहे की एआरएम हे तिन्ही लिहा. तिसरं बहुतेकजण विसरतात, आणि भाषांतराचा मागचा अर्धा भाग यंत्रागणिक वेगळा असल्यामुळे नेमकं तेच पहिल्यांदा विचारलं जातं.